स्विचची रोजनिशी

कार्यालयाच्या, कॉलेजच्या किंवा इस्पितळाच्या एखाद्या कोपऱ्यात, बहुधा जिन्याखाली किंवा लेखा विभागाच्या मागच्या खोलीत, लोखंडी रॅकमध्ये बसवलेला नेटवर्क स्विच रात्रंदिवस काही ना काही सांगत असतो. चौदा नंबरचं पोर्ट बंद पडलं. पुन्हा सुरू झालं. पंखा थांबला. कुणीतरी आत शिरून सेटिंग बदललं. एकच संगणक आत्ता तीन नंबरच्या पोर्टवर दिसला आणि लगेच एकोणीस नंबरवर. अशा प्रत्येक घटनेची स्विच एक ओळ तयार करतो. ती ओळ पुढे कुठे जाते, हे मात्र आपल्याला ठरवावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी ते कुणी ठरवलेलंच नसतं.

सिस्कोचा कॅटॅलिस्ट स्विच खोक्यातून काढून नुसता जोडून दिला, तर या ओळी दोन ठिकाणी जातात. एक म्हणजे कन्सोल पोर्ट. स्विच पहिल्यांदा बसवताना लॅपटॉप जोडायची ही जागा; एकदा काम झालं की तिथे पुन्हा कुणी फिरकत नाही. दुसरी जागा म्हणजे स्विचच्या मेमरीतला बफर, आणि अनेक मॉडेलांवर त्याचा मूळ आकार असतो फक्त ४०९६ बाइट. एक ओळ साधारण शंभर अक्षरांची धरली तर जेमतेम चाळीस ओळी मावतात. एखाद्या पोर्टची केबल सैल झाली असेल तर ते पडतं आणि उठतं, आणि प्रत्येक वेळी चार ओळी येतात: पडताना दोन, उठताना दोन. म्हणजे एका सैल केबलने दहा वेळा झटका दिला की बफर भरला. त्यानंतरची प्रत्येक नवी ओळ सगळ्यात जुन्या ओळीवर लिहिली जाते. आदल्या रात्री काय घडलं हे पाहायला सकाळी आलेल्या माणसाला चौदा नंबरच्या पोर्टखेरीज काहीच सापडत नाही.

बरं, हा बफर रॅममध्ये असतो. वीज गेली की तोही गेला. पावसाळ्यात ज्या गावांत दिवसातून दोनदा वीज जाते आणि रॅकमधल्या यूपीएसची बॅटरी वर्षानुवर्षं बदललेली नसते, तिथे स्विच नेमका बंद पडतानाच आपल्या बंद पडण्याचं कारण विसरतो.

स्विचच्या लॉगिंगची मांडणी करताना तीन गोष्टी ठरवायच्या असतात: काय ठेवायचं, कुठे ठेवायचं आणि त्यावर वेळ कोणती घालायची. लोक पहिल्या गोष्टीवर डोकं शिणवतात. माझ्या मते उरलेल्या दोन जास्त मोलाच्या आहेत, कारण नको असलेली नोंद नंतर गाळता येते. हरवलेली नोंद आणि चुकीची वेळ नंतर दुरुस्त करता येत नाही.

आधी एक ओळ नीट वाचू. स्विचवर हे सगळं रोमन अक्षरांत दिसतं आणि आज्ञाही तशाच टाइप कराव्या लागतात; इथे ते उच्चाराप्रमाणे लिहिलं आहे.

०००४१७: जुलै १२ ०२:४७:०९.३१८ आयएसटी: %लिंक-३-अपडाउन: इंटरफेस गिगाबिटइथरनेट१/०/१४, चेंज्ड स्टेट टू डाउन

सुरुवातीला अनुक्रमांक, मग वेळ. टक्क्याच्या चिन्हानंतर मूळ संदेश सुरू होतो. ‘लिंक’ म्हणजे स्विचच्या आतल्या ज्या भागाने ही ओळ काढली त्याचं नाव, ‘३’ म्हणजे तीव्रतेची पातळी, ‘अपडाउन’ म्हणजे या प्रकारच्या घटनेची खूण. पुढे माणसाला कळेल असं वाक्य. भागाचं नाव, पातळी आणि खूण मिळून हा संदेश ओळखता येतो. सिस्कोच्या दस्तऐवजांत शोधायचा तो याच तुकड्याने.

तीव्रतेच्या पातळ्या आठ, शून्यापासून सातपर्यंत, आणि त्यांचा क्रम उलटा आहे: आकडा जितका लहान तितकं प्रकरण गंभीर. शून्य म्हणजे यंत्रणा वापरण्यायोग्यच उरलेली नाही. एक म्हणजे ताबडतोब हालचाल करा. दोन गंभीर, तीन चूक, चार इशारा, पाच नेहमीचीच पण दखल घ्यावी अशी घटना, सहा निव्वळ माहिती, आणि सात म्हणजे डीबग, दोष शोधताना मुद्दाम चालू केलेला तपशिलांचा लोंढा. आपण एखादी पातळी निवडली की ती आणि तिच्याहून गंभीर अशा सगळ्या ओळी येतात. ‘चार’ म्हटलं तर शून्य ते चार.

इथेच पुष्कळांची गफलत होते. पातळीचा आकडा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या अभियंत्याने ठरवलेला असतो. तुमच्या इमारतीत काय महत्त्वाचं आहे हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. संध्याकाळी साडेसहाला कारकुनाने संगणक बंद करून घरचा रस्ता धरला, की त्याच्या पोर्टची ओळ पातळी तीनची येते, म्हणजे ‘चूक’. आणि रात्री कुणी स्विचमध्ये शिरून सेटिंग बदललं, तर येणारी ‘सिस-५-कॉन्फिग_आय’ ही ओळ पातळी पाचची. स्विच पुन्हा सुरू झाल्याची ओळही पाचचीच. चौकशी करणाऱ्याला सगळ्यात आधी हव्या असतात त्या याच ओळी: कोण आलं, कुठल्या पत्त्यावरून आलं, कधी आलं, स्विच केव्हा बंद पडून पुन्हा सुरू झाला. स्विचच्या ओळी जिथे गोळा केल्या जातात त्या सर्व्हरकडे फार ओळी येतात म्हणून वैतागून कुणी पातळी चारवर आणली, तर घरी गेलेल्या कारकुनांच्या नोंदी येत राहतात आणि आत शिरलेल्या माणसाची नोंद बंद होते. सर्व्हरकडे पाठवायची मूळ पातळी सहा असते. ती तशीच राहू द्यावी आणि गोंगाट दुसऱ्या मार्गाने कमी करावा.

तो दुसरा मार्ग असा. ज्या पोर्टांवर माणसांचे संगणक आणि प्रिंटर आहेत, तिथे ‘नो लॉगिंग इव्हेंट लिंक-स्टेटस’ ही आज्ञा द्यावी. त्या पोर्टांचं रोजचं पडणं-उठणं लिहिलं जात नाही. दुसऱ्या स्विचकडे, राउटरकडे किंवा सर्व्हरकडे जाणाऱ्या पोर्टांवर मात्र ती देऊ नये. तिथलं एक पडणंही मोलाचं असतं.

काही गोंगाट गाळायचाही नसतो, मिटवायचा असतो. शेजारी-शेजारी जोडलेल्या दोन सिस्को स्विचांवर नेटिव्ह व्हीलॅन वेगवेगळा ठेवला गेला, तर ते एकमेकांची विचारपूस करताना दर मिनिटाला त्याची तक्रार लिहितात, कारण ही विचारपूस करणारी सीडीपी ही पद्धत दर साठ सेकंदांनी चालते. दोन टोकांचं डुप्लेक्स जुळत नसेल तरी तसंच. काही ठिकाणी ही ओळ वर्षानुवर्षं येत असते आणि सगळ्यांनी तिच्याकडे पाहणं सोडून दिलेलं असतं. दिवसाला चौदाशे चाळीस वेळा येणारी ओळ माणसाला बाकीच्या ओळीही न वाचायला शिकवते. तिचा इलाज एका पोर्टवरची एक दुरुस्ती इतकाच आहे.

या साऱ्या व्यवस्थेचा जन्म नेटवर्क स्विचसाठी झालेला नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात, बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन सेंडमेल ही टपाल हाताळणारी प्रणाली लिहीत होते. तिच्यातल्या घडामोडी एका जागी लिहून ठेवायला त्यांनी सिसलॉग हा छोटा कार्यक्रम तयार केला. तो इतका सोयीचा निघाला की युनिक्सवरच्या इतर कार्यक्रमांनी तो उचलला, मग राउटरांनी, स्विचांनी, प्रिंटरांनी. नियमांचा कागद मात्र कुणी केला नव्हता. २००१ साली सिस्कोच्या ख्रिस लोनविक यांनी आरएफसी ३१६४ लिहिला, आणि त्यातही प्रत्यक्षात लोक काय पाठवतात याचं वर्णनच होतं. खरं मानक २००९ साली आलं: राइनर गेरहार्ड्स यांचा आरएफसी ५४२४. लिनक्स सर्व्हरांवर आज सर्रास दिसणारा आरसिसलॉग हा कार्यक्रमही गेरहार्ड्स यांचाच.

जुनेपणाच्या खुणा अजून दिसतात. प्रत्येक संदेशावर तीव्रतेबरोबर फॅसिलिटी नावाचा एक आकडा असतो, संदेश कुठल्या खात्यातला हे सांगणारा, शून्यापासून तेवीसपर्यंत. त्यात टपालाचं खातं आहे, लाइन प्रिंटरचं आहे, युजनेटच्या बातम्यांचं आहे. नेटवर्क उपकरणांसाठी खातंच नव्हतं, म्हणून शेवटची आठ, लोकल शून्य ते लोकल सात, ज्याने-त्याने आपापल्या मर्जीने वापरावीत अशी सोडली होती. सिस्कोचे स्विच लोकल सात वापरतात, म्हणजे आकडा तेवीस. फॅसिलिटीला आठने गुणून तीव्रता मिळवली की संदेशाच्या अगदी पुढे टोकदार कंसात येणारा आकडा मिळतो. सेटिंग बदलल्याची पातळी पाचची ओळ असेल तर तेवीस गुणिले आठ, अधिक पाच: १८९. तारेवरून जाणारं पॅकेट उघडून पाहण्याची वेळ आली, तर हा एवढा हिशेब पाठ असावा. एकाच सर्व्हरकडे फायरवॉल, वायफायची यंत्रं आणि स्विच सगळेच बोलत असतील, तर ‘लॉगिंग फॅसिलिटी’ ही आज्ञा देऊन स्विचांना वेगळं खातं द्यावं. सर्व्हरवर त्यांच्या फायली आपोआप वेगळ्या पाडता येतात.

आता ‘कुठे’ या प्रश्नाकडे. उत्तर एकच: स्विचच्या बाहेर. ते का, हे समजून घ्यायला पुन्हा बर्कलीलाच जावं लागतं. १९८६ साली तिथल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला संगणक-वापराच्या हिशेबातली पंचाहत्तर सेंटची तफावत शोधायला सांगितलं गेलं. तफावतीच्या मागे निघाला एक घुसखोर. त्याच्या हाती यंत्राचे सर्वाधिकार आले होते, म्हणजे यंत्रात ठेवलेली कुठलीही नोंद त्याला पाहता आणि पुसता आली असती. स्टोल यांनी बाहेरून येणाऱ्या तारांवर प्रिंटर जोडले. घुसखोर जे काही टाइप करी ते त्याच क्षणी कागदावर उमटे, आणि तो कागद त्याच्या आवाक्याबाहेर होता. त्या कागदांचा माग थेट पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत, मार्कस हेस या तरुणापर्यंत गेला. चोरलेली माहिती सोव्हिएत केजीबीला विकली जात होती. स्टोल यांनी पुढे ‘द कुकूज एग’ या पुस्तकात ही हकिकत लिहिली, ती १९८९ साली प्रसिद्ध झाली. ज्या यंत्रावर संशय आहे त्या यंत्राच्या हाती त्याची नोंद ठेवू नये, ही गोष्ट यापेक्षा स्वच्छ कुठे पाहायला मिळत नाही. स्विचवर ‘क्लिअर लॉगिंग’ एवढं टाइप केलं की बफर कोरा होतो. दुसऱ्या संगणकावर पोचलेली ओळ त्या आज्ञेने पुसली जात नाही.

‘लॉगिंग होस्ट’ लिहून पुढे सर्व्हरचा पत्ता दिला की स्विच त्या पत्त्यावर ओळी पाठवू लागतो, यूडीपीवरून, पोर्ट ५१४ वर. यूडीपीत पोच मिळत नाही. ओळ सुटली, स्विच पुढच्या कामाला लागला; ती पोचली की वाटेत पडली याची त्याला फिकीर नाही. यातून एक पेच उभा राहतो. सर्व्हरकडे जाणारी मुख्य केबलच तुटली तर ‘मुख्य केबल तुटली’ ही ओळ जाणार कुठून? ती तर त्याच केबलवरून जायची. म्हणून बाहेरचा सर्व्हर असला तरी स्विचमधला बफर मोठा ठेवायचाच. तुटलेल्या केबलची पहिली साक्ष तिथेच मिळते. स्विच नुकताच सुरू झालेला असतानाही तीच अडचण: जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री पोर्ट खुलं करायला तीस सेकंद घेतो, तेवढ्या काळात निघालेल्या ओळी सर्व्हरपर्यंत पोचतीलच असं नाही.

पोच हवी असेल तर टीसीपीवरून पाठवता येतं, आणि वाटेत कुणी वाचू नये असं वाटत असेल तर नव्या आयओएस एक्सई प्रणालीत टीएलएसचं आवरण घालता येतं. त्याचं पोर्ट ६५१४. साध्या यूडीपीत मजकूर उघडा जातो, आणि दुसरं कुणीही तुमच्या स्विचच्या नावाने खोटी ओळ सर्व्हरकडे पाठवू शकतं, हे विसरू नये. म्हणून स्विचांची देखभाल आणि त्यांच्या नोंदी या दोन्हींसाठी वेगळा व्हीलॅन ठेवणं हा अगदी लहान कार्यालयातही परवडणारा उपाय आहे. टीसीपी निवडताना मात्र प्रत्येक उपकरणाचा स्वभाव पाहून घ्या. सिस्कोच्याच एएसए फायरवॉलला टीसीपीवरून लॉग पाठवायला सांगितलं आणि लॉगचा सर्व्हर बंद पडला, तर तो नव्या जोडण्याच देणं थांबवतो, कारण नोंद नसेल तर व्यवहारही नको अशी त्याची मूळ धारणा आहे. ती बदलायला ‘लॉगिंग परमिट-होस्टडाउन’ ही वेगळी आज्ञा आहे. बँकेत ही धारणा शहाणपणाची ठरेल. शाळेत एक हार्ड डिस्क भरल्यामुळे सगळ्यांचं इंटरनेट बंद पडेल.

‘लॉगिंग सोर्स-इंटरफेस’ ही आज्ञा बरेच जण वगळतात आणि पुढे डोकं धरून बसतात. एकाहून जास्त पत्ते असलेला स्विच ज्या वाटेने ओळ निघते त्या वाटेचा पत्ता पाठवणाऱ्याच्या जागी घालतो. वाट बदलली की पत्ता बदलला, आणि सर्व्हरला वाटतं हा कुणी नवाच स्विच आहे. एका पत्त्यावर पक्कं केलं की नोंदी एकाच फायलीत राहतात.

कन्सोलचं काय करावं? माझं स्पष्ट मत आहे की तिथली पातळी दोनवर आणावी किंवा ‘नो लॉगिंग कन्सोल’ म्हणून ती वाट बंदच करावी. कन्सोल पोर्टचा वेग साधारणपणे ९६०० बॉड असतो, म्हणजे सेकंदाला नऊशे साठच्या आसपास अक्षरं. वर मूळ पातळी सातची, सगळंच दाखवा अशी. एरवी ते खपून जातं. पण दोष शोधताना कुणी डीबग चालू केलं आणि सेकंदाला शेकडो ओळी निघू लागल्या, की स्विचचा प्रोसेसर त्या अरुंद नळीतून ओळी ढकलण्यातच गुंतून पडतो आणि मूळ कामं मागे राहतात. कन्सोलला कुणी जोडलेलं नसलं तरीही. दोष शोधायला गेलेल्या माणसाने चालता स्विच बंद पाडला, असे प्रकार याच वाटेने घडतात. डीबग पाहायचंच असेल तर ते बफरमध्ये घ्यावं.

याउलट एसएसएचने दूरवरून स्विचमध्ये शिरलेल्या माणसाला काहीच दिसत नाही आणि लॉगिंग बंद आहे असं त्याला वाटतं. दूरच्या पडद्यावर ओळी हव्या असतील तर ‘टर्मिनल मॉनिटर’ म्हणावं लागतं, आणि तेही दर वेळी. शिवाय ‘लॉगिंग सिंक्रोनस’ ही आज्ञा लाइनवर दिली की आपण आज्ञा टाइप करत असताना मध्येच ओळ घुसली तरी अर्धवट लिहिलेली आज्ञा पुन्हा खाली नीट दिसते. छोटी सोय, पण मध्यरात्री काम करणाऱ्याला फार मोठी.

आता वेळ. माझ्या अनुभवात लॉगचा सगळ्यात दुर्लक्षिलेला भाग हाच. ‘सर्व्हिस टाइमस्टॅम्प्स’ची मांडणी केलेली नसेल, तर कित्येक जुन्या स्विचांवर ओळीपुढे वेळच नसते, किंवा स्विच सुरू होऊन किती काळ लोटला एवढंच असतं: सहा आठवडे दोन दिवस. त्यावरून तारीख काढायला बोटांवर हिशेब करत बसावं लागतं. तारीख-वेळ मागितली तरी प्रश्न सुटत नाही, कारण जुन्या कॅटॅलिस्टांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. ते सुरू होतात तेव्हा त्यांच्या लेखी तारीख असते १ मार्च १९९३. म्हणूनच पुष्कळ ठिकाणच्या लॉगमध्ये सगळ्या घटना मार्च महिन्यातच घडलेल्या दिसतात.

स्विच याची कबुली स्वतःच देतो, फक्त ती वाचता आली पाहिजे. वेळेच्या आधी फुली, म्हणजे तारकाचिन्ह, असेल तर घड्याळावर भरवसा ठेवू नका असा त्याचा अर्थ. टिंब असेल तर घड्याळ लावलेलं आहे, पण वेळेच्या सर्व्हरशी सध्या मेळ नाही. काहीच चिन्ह नसेल तर वेळ खरी. लॉग वाचायला घेताना मजकुराच्याही आधी मी हे चिन्ह पाहतो.

इलाज एनटीपी, म्हणजे वेळेच्या सर्व्हरकडून वेळ घेऊन घड्याळ जुळवण्याची पद्धत. भारतात दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा भारतीय प्रमाणवेळ राखते, आणि तिचे तसेच नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरचे वेळ देणारे सर्व्हर खुले आहेत. ही आता केवळ चांगली सवय राहिलेली नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०बी खाली दिलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवणारे, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी आपली घड्याळं या सर्व्हरांशी किंवा त्यांच्याशी मेळ असलेल्या सर्व्हरांशी जुळवायची आहेत, सगळ्या यंत्रणांचे लॉग चालू ठेवून मागच्या १८० दिवसांचे जपायचे आहेत, आणि ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. सहा तासांत कळवायचं तर नोंदी आधीच एका जागी आणि एका वेळेत बसलेल्या हव्यात. इमारतीतले चाळीस स्विच एकेक करून उघडण्यात आणि कुणाचं घड्याळ किती मागे आहे ते ठरवण्यातच तेवढा वेळ निघून जाईल.

आपल्या प्रमाणवेळेतल्या अर्ध्या तासाने एक खास गोंधळ होतो. स्विच भारतीय वेळ लिहितो, सर्व्हर जागतिक वेळ लिहितो, आणि एकच घटना दोन फायलींत साडेपाच तासांच्या अंतराने दिसते. आरएफसी ३१६४च्या जुन्या पद्धतीत तर वेळेबरोबर ना वर्ष लिहिलं जातं ना कालपट्टा. दोन्ही हवेत असं स्विचला स्पष्ट सांगावं लागतं: ‘सर्व्हिस टाइमस्टॅम्प्स लॉग डेटटाइम’ या आज्ञेला मिलिसेकंद, स्थानिक वेळ, कालपट्ट्याचं नाव आणि वर्ष हे सगळे पर्याय जोडता येतात. आधी ‘क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०’. मिलिसेकंद चैनीसाठी नाहीत. दोन स्विच एका सेकंदाच्या आत बंद पडले तर आधी कोण पडला यावरच सगळं निदान ठरतं.

त्याच्या जोडीला ‘सर्व्हिस सीक्वेन्स-नंबर्स’ द्यावं. प्रत्येक ओळीला अनुक्रमांक मिळतो. यूडीपीत हरवलेल्या ओळींचा पत्ता याच आकड्यांतून लागतो: सर्व्हरवर ४१७ नंतर थेट ४२३ दिसला तर मधल्या पाच कुठेतरी गळाल्या, आणि त्या बफरमध्ये शोधायला जायचं.

बफरचा आकार ‘लॉगिंग बफर्ड ६५५३६’ असा वाढवावा. सहाशे-सातशे ओळी मावतात आणि आजच्या स्विचच्या मेमरीला ते जाणवतही नाही. कोट्यवधी बाइटांचा आकडाही आज्ञा स्वीकारते, पण ती मेमरी स्विचच्या इतर कामांतून वजा होते, तेव्हा हात राखून.

यापुढची पायरी फार थोडे लोक चढतात. सेटिंग बदलल्याची पातळी पाचची ओळ ‘अमुक नावाने, अमुक पत्त्यावरून बदल झाला’ एवढंच सांगते. काय बदललं ते सांगत नाही. ‘आर्काइव्ह’ या विभागात ‘लॉग कॉन्फिग’ चालू करून ‘नोटिफाय सिसलॉग’ म्हटलं, की टाइप केलेली प्रत्येक सेटिंगची आज्ञा, ती देणाऱ्याच्या नावासकट, सर्व्हरवर पोचते. त्याच्याबरोबर ‘हाइडकीज’ अवश्य द्यावं, नाहीतर नवा पासवर्ड ठेवण्याची आज्ञाही उघडीवाघडी लिहिली जाईल. अर्थात हे तेव्हाच उपयोगी, जेव्हा प्रत्येकाचं खातं वेगळं असतं. पाच जण ‘अ‍ॅडमिन’ या एकाच नावाने आत येत असतील तर नोंद आहे आणि उत्तर नाही.

फसलेल्या लॉगिनची नोंद ‘लॉगिन ऑन-फेल्युअर लॉग’ने मिळते. घाईत असलेला माणूस पुष्कळदा नावाच्या जागी पासवर्ड टाइप करतो. स्विच प्रामाणिकपणे लिहितो: या नावाने लॉगिन फसलं. आणि ते ‘नाव’ म्हणजे खरा पासवर्ड असतो, साध्या अक्षरांत, सहा महिने जपून ठेवलेला. लॉगचा सर्व्हर कुणी वाचावा यावर निर्बंध हवेत ते यासाठीही.

सगळं करून झालं की ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’. हे राहिलं तर पुढच्या वेळी वीज जाऊन आली की स्विच पुन्हा आपल्या ४०९६ बाइटांवर. मग एखादं रिकामं पोर्ट बंद करून चालू करावं, ‘शो लॉगिंग’ पाहावं आणि सर्व्हरवर तीच ओळ, तोच अनुक्रमांक, तीच वेळ आली का ते डोळ्यांनी पाहावं. स्विचवर दिसते आणि सर्व्हरवर दिसत नाही, असं असेल तर बहुतेक वेळा सर्व्हरच्या स्वतःच्या फायरवॉलने पोर्ट ५१४ अडवलेलं असतं.

एवढी तयारी असलेल्या ठिकाणी काय मिळतं याचं एक उदाहरण. टेबलावरच्या आयपी फोनला मागे दोन पोर्टं असतात, एक भिंतीकडे जाणारं आणि एक संगणकासाठी. साफसफाईनंतर कुणी दोन्ही केबली भिंतीतच खोचल्या, की नेटवर्कमध्ये वर्तुळ तयार होऊ शकतं आणि सगळी इमारत मंदावते. लोक इंटरनेट कंपनीला फोन करू लागतात. लॉगमध्ये मात्र ‘एसडब्ल्यू_एमएटीएम-४-मॅकफ्लॅप_नोटिफ’ ही ओळ पुन्हा पुन्हा दिसते: अमुक पत्ता या पोर्टावरून त्या पोर्टावर उड्या मारतोय. दोन्ही पोर्टांचे नंबर त्याच ओळीत असतात. नंबर पाहायचे, त्या टेबलापाशी जायचं, एक केबल काढायची. पोर्टांवर बीपीडीयू गार्ड लावलेला असेल तर बहुतेकदा स्विच स्वतःच ते पोर्ट बंद करतो आणि पातळी दोनची ओळ लिहून तसं कळवतो.

खर्चाचा मुद्दा निघतोच, म्हणून हिशेब मांडतो. एक ओळ दीडशे बाइटांची आणि एका स्विचच्या दिवसाला हजार ओळी धरल्या, तर दीडशे किलोबाइट होतात. १८० दिवसांचे सत्तावीस मेगाबाइट. पन्नास स्विच असले तरी दीड गिगाबाइटच्या आत. अडगळीत पडलेला जुना डेस्कटॉप, त्यावर लिनक्स आणि आरसिसलॉग, फायली रोज वेगळ्या करून दाबून ठेवणारा लॉगरोटेट, आणि नवी बॅटरी घातलेला यूपीएस, एवढ्यावर काम भागतं. फक्त त्या संगणकाचा पासवर्ड स्विच सांभाळणाऱ्या माणसाकडे न देता दुसऱ्या कुणाकडे, मुख्याध्यापकांकडे किंवा लेखापालांकडे, बंद पाकिटात द्यावा. स्विच सांभाळणाऱ्याला नोंदी वाचता याव्यात, पुसता येऊ नयेत. असं केलं की कधी चौकशी झालीच तर त्याच्यावरही बोट ठेवायला जागा राहत नाही.